बिननेढ्याच्या सुईचा बाजार

कधी टाके पडलेत तुम्हाला? पडले असतील तर दोनच गोष्टी लक्षात राहिल्या असतील. किती पडले आणि किती दुखलं. सुई कुठली होती, कुठून आली, हे कुणी विचारत नाही.

समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही पेठ तालुक्यातल्या आपल्या पाड्यावर आहात. भाताची कापणी जोरात चाललीय. डाव्या हातात मूठ, उजव्या हातात विळा, आणि एक क्षण लक्ष गप्पांकडे गेलं. बोट खोल कापलं. फडकं गुंडाळून, कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून तुम्ही दवाखाना गाठता. नर्स जखम धुते, डॉक्टर जागा बधिर करतात आणि एक छोटं चंदेरी पाकीट फाडतात. आतून चंद्रकोरीसारखी वाकलेली सुई निघते, तिच्या शेपटीला काळा दोरा. पाच टाके. पाकीट कचऱ्याच्या डब्यात. विषय संपला.

आज त्या पाकिटावर बोलू. कारण मोबाईलवर ‘सर्जिकल सुचर नीडल मार्केट’ असं शोधलंत, तर बाजाराचे डझनभर रिपोर्ट समोर येतील. सगळ्यांचा सूर एकच : बाजार वाढतोय, येत्या काही वर्षांत आणखी वाढणार. कॉमर्सच्या प्रोजेक्टसाठी अशा रिपोर्टमधला एखादा आकडा उचलणं सोपं आहे. पण प्रश्न वेगळाच आहे. सुयांचा बाजार वाढला म्हणजे पेठमधल्या माणसाला टाके मिळणं सोपं झालं का? या दोन गोष्टी आपण एकच समजतो. त्या एक नाहीत.

पाकिटावर काय लिहिलंय?

पुढच्या वेळी कुणाला टाके पडले (पडू नयेत!), तर ते पाकीट हातात घेऊन वाचा. ‘३-०’ असं काहीतरी दिसेल. ही दोऱ्याची जाडी. शून्याच्या आधीचा आकडा जितका मोठा, तितका दोरा बारीक. चेहऱ्यावर ५-० किंवा ६-० वापरतात, म्हणजे व्रण कमी दिसतो. डोळ्याच्या नाजूक शस्त्रक्रियेला १०-०, म्हणजे केसाहूनही बारीक. मग वर्तुळाचा हिस्सा दिलेला असतो. ‘३/८’ म्हणजे पूर्ण वर्तुळाचे आठ भाग केले तर त्यातल्या तीन भागांएवढी सुई वाकलेली आहे. त्वचेला साधारण हीच लागते. आत खोलवर, जिथे हात फिरवायला जागा कमी, तिथे अर्ध्या वर्तुळाची. शेवटी सुईचं टोक. त्वचा चिवट असते म्हणून तिच्यासाठी धार असलेली सुई. आतड्यासाठी गोल अंगाची, म्हणजे ती कापत जात नाही, तंतू बाजूला सारत जाते.

जागेनुसार सुई बदलायची ही कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तीन प्रकारच्या सुयांचं वर्णन सापडतं : कमी मांसाच्या जागी आणि सांध्यावर गोल, मांसल जागी तीन धारांची, आणि पोट किंवा मर्मस्थानासाठी धनुष्यासारखी वाकलेली. आजच्या पाकिटावर वेगळ्या शब्दांत तेच छापलेलं असतं.

एक मोठा फरक मात्र आहे. आजीच्या सुईला नेढं असतं, दोरा ओवायला. त्या सुईतून दोरा जाताना तो दुहेरी होतो. शरीरात अशी सुई घातली की दोऱ्यापेक्षा मोठं भोक पडतं आणि जखमेला जखम होते. म्हणून आज बहुतेक शस्त्रक्रियांत बिननेढ्याची सुई वापरतात. दोरा सुईच्या शेपटीत बसवूनच ती कारखान्यातून बाहेर पडते. एकदा वापरायची आणि टाकून द्यायची.

हे ‘एकदाच’ लक्षात ठेवा. या सगळ्या बाजाराची चावी तिथेच आहे.

एवढीशी सुई, एवढं काम

सुई बनते कशी? स्टेनलेस स्टीलची बारीक तार घ्यायची. ठरलेल्या लांबीचे तुकडे करायचे. एका टोकाला धार काढायची. दुसऱ्या टोकाला, तारेच्या लांबीच्या दिशेनं, लेझरनं किंवा ड्रिलनं भोक पाडायचं. तारच अर्धा मिलिमीटर जाडीची असेल, तर तिच्या पोटात पाडायचं भोक केवढं असेल, याची कल्पना करा. मग सुई वाकवायची, उष्णतेची प्रक्रिया करून कणखर करायची, पॉलिश करायची, वरून सिलिकॉनचा पातळ थर द्यायचा, म्हणजे ती कातडीतून सहज सरकते. शेवटी दोऱ्याचं टोक भोकात घालून शेपूट दाबायची. दोरा ओढून पाहायचा. ठरलेल्या जोराला निसटला तर ती सुई नापास.

सुई फार कडक झाली तर मोडते, मऊ राहिली तर वाकते. सर्जनच्या हातात मोडलेला तुकडा पोटात राहिला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून हा धंदा बाहेरून साधा दिसला तरी आत शिरणं सोपं नाही. जपानमधल्या उत्सुनोमिया शहरातली मानी ही कंपनी सुया बनवण्यातलं मोठं नाव. व्हिएतनाम, म्यानमार आणि लाओसमध्ये तिचे कारखाने आहेत आणि दोरा बनवणाऱ्या इतर कंपन्यांना ती सुया पुरवते. म्हणजे पाकिटावर नाव एकाचं, आतली सुई दुसऱ्याची, असंही असू शकतं.

सुई-दोरा तयार झाला की निर्जंतुक करणं आलं. एक वाट इथिलीन ऑक्साइड वायूची, दुसरी गॅमा किरणांची. दुसऱ्या वाटेची आपल्याकडची सुरुवात महाराष्ट्रातली. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राचा ‘आयसोमेड’ हा प्रकल्प १९७४ मध्ये सुरू झाला आणि बंद पाकिटातलं वैद्यकीय साहित्य किरणांनी निर्जंतुक करायची सोय देशात झाली.

पैसा इथे का लागतोय?

आता धंद्याकडे वळू. भारतात या क्षेत्रात बरीच वर्षं जॉन्सन अँड जॉन्सनच्या एथिकॉनचा दबदबा. तिच्याशी टक्कर देणारी बंगळुरूची हेल्थियम, जिचं आधीचं नाव सुचर्स इंडिया. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड एमआयडीसीत सेंटेनियल सर्जिकल सुचर ही कंपनी आहे. आणि पेठच्या मुलांना ओळखीचं गाव म्हणजे वापी. कपराड्याच्या वाटेनं घाट उतरून कामाला जाणारं कुणी ना कुणी तुमच्या पाड्यावर असेलच. त्याच वापीत मेरिल आहे. हृदयातल्या स्टेंटसाठी तिचं नाव ऐकलं असेल, पण टाक्यांचे दोरेही ती बनवते.

गेल्या काही वर्षांतल्या दोन बातम्या पाहा. हेल्थियम २०१८ मध्ये अपॅक्स या परदेशी गुंतवणूक संस्थेनं घेतली होती, ती २०२४ मध्ये केकेआर या अमेरिकी संस्थेनं विकत घेण्याचा करार केला. त्याआधी, २०२३ मध्ये, मुरुगप्पा समूहातली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स आणि प्रेमजी इन्व्हेस्ट यांनी मिळून लोटस सर्जिकल्स ही दोरा बनवणारी कंपनी ३४८ कोटींना घ्यायचं जाहीर केलं. सायकली आणि पोलादी नळ्या बनवणाऱ्या समूहाला टाक्यांच्या दोऱ्यात रस का?

उत्तर वर लिहिलेल्या ‘एकदाच’ या शब्दात आहे. एमआरआय मशीन रुग्णालय दहा-बारा वर्षांतून एकदा घेतं. सुई-दोरा रोज लागतो आणि रोज संपतो. किंमत ऑपरेशनच्या बिलात किरकोळ, त्यामुळे घासाघीसही कमी. शिवाय सर्जन शिकताना ज्या सुईवर हात बसला, ती सहसा सोडत नाही. गुंतवणूकदाराला याहून काय हवं?

सरकारही मागे नाही. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरणात हे क्षेत्र ११ अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ५० अब्ज डॉलरवर न्यायचं स्वप्न आहे. ऑक्टोबर २०२३ पासून बहुतेक वैद्यकीय उपकरणांना परवाना बंधनकारक झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टाक्यांच्या निर्जंतुक दोऱ्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कंपनीला छापील किंमत वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हा नियम आधीपासून आहेच.

‘वाढ’ वाचायची कशी?

आता रिपोर्टांकडे. त्यांचा लाडका शब्द म्हणजे सीएजीआर, सरासरी वार्षिक वाढीचा दर. एक सोपी युक्ती लक्षात ठेवा : ७२ ला त्या दरानं भागा. ६ टक्के म्हणजे १२ वर्षांत दुप्पट, ८ टक्के म्हणजे ९ वर्षांत दुप्पट. रिपोर्टमधला एखाद-दुसरा टक्का इकडेतिकडे झाला की दहा वर्षांनंतरचं चित्र पार बदलतं.

मग तीन प्रश्न विचारा.

पहिला : मोजलं काय? सीमाशुल्काच्या वर्गवारीत नुसती सुई ९०१८ या क्रमांकाखाली येते आणि निर्जंतुक दोरा ३००६ खाली. पण आज सुई विकली जाते ती बहुधा दोऱ्याला जोडूनच. मग पाकिटाच्या किमतीतला सुईचा वाटा किती? तो रिपोर्ट लिहिणारा ठरवतो. म्हणून दोन रिपोर्टांचे आकडे जुळत नाहीत.

दुसरा : वाढ नगांची की रुपयांची? नवे दोरे महाग आहेत. जंतुनाशकाचा थर दिलेले दोरे घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ट्रायक्लोसानचा थर असलेल्या दोऱ्यांचा वापर सुचवला. काटेरी दोरे आले, ज्यांना गाठ मारावी लागत नाही. बोथट टोकाच्या सुया आल्या, म्हणजे डॉक्टर-नर्सला टोचून संसर्ग व्हायचा धोका कमी. सगळ्या चांगल्या गोष्टी. पण टाक्यांची संख्या तेवढीच राहून माल महागला, तरी बाजार ‘वाढला’ असंच दिसतं.

तिसरा : वाढ झाली ती चांगल्या कारणानं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सिझेरियनचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झालं. एका सिझेरियनला थरामागून थर शिवावे लागतात, दोऱ्याची अनेक पाकिटं लागतात. कंपनीच्या ताळेबंदात ही वाढच. पण त्यातली किती बाळंतपणं खरोखर अडलेली होती आणि किती सोयीसाठी केली, हे सुयांचा हिशेब सांगू शकत नाही.

आणि उलटंही घडतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पूर्वी डोळ्याला टाके पडायचे. आता बारीक छेदातून, बहुतेक वेळा एकही टाका न घालता लेन्स बसवतात. तिथे सुईची मागणी घटली आणि रुग्णाचं भलं झालं. म्हणजे बाजार घटणं ही चांगली बातमीसुद्धा असू शकते!

पेठचं गणित

आता वही-पेन घ्या. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगानं जगभरच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. जगातल्या ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असं त्यात म्हटलं. वर्षाला होणाऱ्या सुमारे ३१ कोटी शस्त्रक्रियांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतात फक्त ६ टक्के. आयोगानं एक किमान पातळीही सुचवली : दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ५,००० शस्त्रक्रिया.

२०११ च्या जनगणनेत पेठ तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार. आयोगाचं माप लावा. वर्षाला ६,००० शस्त्रक्रिया. दिवसाला सोळा. विळ्यानं कापलेल्या बोटाचे टाके यात धरलेले नाहीत. हे फक्त ऑपरेशन थिएटरमधल्या कामाचं माप.

तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयाचा साचा साधारण ३० खाटांचा. तिथून पुढची मोठी सोय म्हणजे नाशिक, सुमारे ५५ किलोमीटर, मध्ये घाट. पावसाळ्यात तो रस्ता कसा असतो, हे पेठच्या वाचकाला मी काय सांगणार! मग दिवसाला सोळा शस्त्रक्रिया होणार कुठे? अडलेली बाई, हर्निया घेऊन ओझी उचलणारा बाप, झाडावरून पडलेला पोरगा. कुणी नाशिकला जातं, कुणी घाट उतरून गुजरातेत, कुणी दुखणं अंगावर काढतं.

अंगावर काढलेलं दुखणं कुठल्याच मार्केट रिपोर्टमध्ये येत नाही. जो टाका पडलाच नाही, त्याची विक्रीही नाही. बाजार मोजतो ती मागणी, म्हणजे ज्याच्यामागे पैसे आणि सर्जन दोन्ही उभे आहेत ती. गरज वेगळी.

बरं, पैशाची बाजू काही प्रमाणात सुटत चाललीय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करून कवच ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण कार्ड खिशात असून भागत नाही, ते चालवायला टेबल आणि सर्जन हवा. केंद्राच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरच्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट सुमारे ८० टक्के होती. सर्जनची त्याहूनही थोडी जास्त.

म्हणजे अडचण सुईची नाहीच. सुईमागून दोरा जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सुई कुणामागून जाते? सर्जनमागून. आणि सर्जन जातो भूलतज्ज्ञ, रक्तसाठा, प्रशिक्षित नर्स आणि खात्रीची वीज असेल तिथे. त्यामुळे बाजार दुप्पट झाला तरी सुया पुन्हा त्याच शहरांत जाणार, जिथे आज जातात.

मग आपण काय करायचं?

‘सरकारनं केलं पाहिजे’ म्हणून हात झटकणं सोपं आहे. सरकारनं केलंच पाहिजे, यात वाद नाही. पण हा विषय तुमच्या करिअरच्याही जवळचा आहे, म्हणून दोन गोष्टी.

पहिली नाशिकची. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात अचूक यंत्रकामाची मोठी परंपरा आहे. बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझल आणि इंजेक्टर तयार होत आलेत. त्या नोझलची भोकं मिलिमीटरच्या अगदी लहानशा हिश्शाची असतात. सुईच्या शेपटीतलं भोक आणि नोझलचं भोक, दोन्हीला लागणारी नजर आणि शिस्त एकाच घराण्यातली. विजेच्या गाड्या वाढतील तसं डिझेलच्या सुट्या भागांचं काम कमी होणार, ही चिंता नाशिकला आहेच. हे हात वैद्यकीय उपकरणांकडे वळवता येतील का? केंद्रानं मदत दिलेल्या चार वैद्यकीय उपकरण पार्कांच्या यादीत हिमाचल, तामिळनाडू, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश आली. महाराष्ट्र नाही. पुढच्या वेळी नेते कॉलेजात भाषणाला आले की हे जरूर विचारा. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, टूल अँड डाय शिकणाऱ्या आणि बीएस्सीला केमिस्ट्री घेतलेल्या मुलांना अशा कारखान्यांत काम आहे. तपासणी, निर्जंतुकीकरण, गुणवत्तेच्या नोंदी, सगळीकडे. वापीला जायचंच असेल, तर हमालीसाठीच का जायचं?

दुसरी पेठची. सर्जन घडायला किमान आठ-नऊ वर्षं लागतात. पण त्याच्याभोवतीची माणसं, म्हणजे ओटी टेक्निशियन, नर्स, भूल विभागातले सहायक, यापेक्षा कमी वर्षांत तयार होतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय कुठे आहे? नाशिकमध्ये. बारावीनंतर फक्त ‘नीट’कडे बघून हिरमुसणाऱ्या मुलांनी या वाटाही बघाव्यात. ज्या रुग्णालयात ही माणसं असतात, तिथे सर्जन टिकायची शक्यता वाढते. स्थानिक मुलगी नर्स झाली, तर अडलेल्या बाईला तिच्याच बोलीत धीर देणारं कुणीतरी असतं. ते कुठल्याच पाकिटात मिळत नाही.

आणि एक काम सगळ्यांसाठी. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात गेल्या वर्षी किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्ण नाशिकला पाठवले, सर्जनचं पद भरलेलं आहे की रिकामं, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून विचारता येतं. अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय कुठला? हजारो डॉलर मोजून घ्यायच्या रिपोर्टमध्ये जे नाही, ते तुमच्या पन्नास पानांत असेल. उत्तर आलं की ते सहा हजारांच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. मधलं अंतर म्हणजे पेठची खरी मागणी.

बोटावरचे टाके दहा-बारा दिवसांत निघतात. व्रण राहतो. पुढच्या कापणीला तो दिसला, तर एवढं आठवा की तुमच्या त्या पाच टाक्यांची नोंद कुठेतरी बाजाराची वाढ म्हणून झालीय. शेजारच्या पाड्यावरच्या ज्या माणसाला टाके मिळालेच नाहीत, त्याची नोंद करायचं काम अजून बाकी आहे.